दुसरे टेबल: भारत सरकारचे लष्करी खाते कसे मोडले गेले आणि त्याची झळ कुठवर पोहोचली

ऑगस्ट १९०५ मध्ये लॉर्ड कर्झनने व्हाइसरॉयपदाचा राजीनामा दिला. आपल्याकडे ते साल वंगभंगाचे म्हणून ओळखले जाते, त्यामुळे कर्झन त्याच कारणाने गेला असा समज पुष्कळांचा असतो. खरे कारण वेगळे होते. सैन्याचा कारभार पाहणारे एक सरकारी खाते राखायचे की मोडायचे, या वादात तो हरला. जिंकला सरसेनापती लॉर्ड किचनेर. खाते मोडले गेले. दहा वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, पुणे डिव्हिजन इराकातल्या टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली, तेव्हा तिच्या मागे होड्या, डॉक्टर आणि औषधे का नव्हती याची चौकशी करताना इंग्रजांच्याच आयोगाला या मोडलेल्या खात्यापर्यंत यावे लागले. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या घरांना या कागदी भांडणाची किंमत मोजावी लागली. म्हणून हे प्रकरण मराठीत नीट सांगितले गेले पाहिजे असे मला वाटते.

खाते आणि त्याची रीत

कंपनी सरकारने १७७६ साली कलकत्त्यात लष्करी खाते सुरू केले. तेव्हा ते सार्वजनिक खात्याची एक शाखा होते. सैन्यासंबंधी निरनिराळ्या खात्यांतून निघणारे हुकूम चाळायचे, नोंदवायचे आणि सैन्यातल्या लोकांची यादी राखायची, एवढेच त्याचे काम. १८३३ च्या सनदी कायद्यानंतर सचिवालयाची चार खात्यांत वाटणी झाली आणि लष्करी खात्याला स्वतंत्र सचिव मिळाला. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांची सैन्ये मात्र वेगवेगळीच राहिली. ती एकत्र व्हायला एप्रिल १८९५ उजाडावा लागला.

पुढच्या भांडणाचे मूळ या खात्याच्या रचनेत होते. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात सैन्याविषयी बोलणारे दोघे बसत. एक सरसेनापती: फौजेची शिस्त, कवायत, नेमणुका आणि प्रत्यक्ष लढाई त्याच्याकडे. दुसरा मिलिटरी मेंबर: रसद, वाहतूक, दारूगोळा, कपडे, घोडी-खेचरे, बांधकामे आणि हिशेब त्याच्याकडे, शिवाय लष्करी खात्याचा तो प्रमुख. तोही लष्करी अधिकारीच असे, पण त्या पदावर असेपर्यंत फौजेची कमान त्याच्याकडे नसे. सरसेनापतीला काही नवे करायचे, विशेषतः पैसे लागणारे, तर प्रस्ताव लष्करी खात्याकडे जाई. तिथले अधिकारी त्यावर टिपण लिहीत, जुने दाखले काढत, खर्चाचा अंदाज बांधत, मेंबर आपला शेरा मारी आणि मग कागद व्हाइसरॉयपुढे ठेवला जाई. जो अंतिम हुकूम निघे तो सरकारच्या नावाने, म्हणजे लष्करी खात्याच्या सहीने.

यात सरसेनापतीचा मान दुखावला जाणे अटळ होते. मिलिटरी मेंबर हुद्द्याने बहुधा त्याच्याहून कनिष्ठ असे. टिपणे लिहिणारे तर मेजर-कर्नल दर्जाचे. ज्याने आयुष्यभर मोठ्या फौजा हलवल्या त्याच्या प्रस्तावावर असा अधिकारी 'याची गरज दिसत नाही' असे लिहू शकत होता. सरकार आणि सरसेनापती यांच्यातली तेढही जुनी होती. १८५० साली चार्ल्स नेपियरने पंजाबातल्या शिपायांच्या भत्त्याचा एक नियम आपल्या अधिकारात स्थगित केला, डलहौसीने त्याला ठपका दिला आणि नेपियर राजीनामा देऊन गेला.

खाते निर्दोष होते असेही नाही. दुसऱ्या अफगाण युद्धाच्या खर्चाचा अंदाज लष्करी खात्याच्या हिशेबावर बांधला गेला आणि १८८० मध्ये उघडकीस आले की खरा खर्च अंदाजाच्या कितीतरी पट आहे. साठ लाख पौंडांच्या आसपासचा आकडा पावणेदोन कोटींच्या घरात गेला. अर्थमंत्री जॉन स्ट्रॅची आणि लॉर्ड लिटनचे सरकार दोघांची नाचक्की झाली. ज्याचे कामच पैशावर नजर ठेवण्याचे, त्याच टेबलावर ही चूक झाली होती. कर्झनची बाजू घेणारे लोक हा दाखला सहसा गाळतात. तो गाळून हे प्रकरण समजत नाही.

किचनेर येतो

नोव्हेंबर १९०२ मध्ये किचनेर हिंदुस्थानात आला तो सुदान आणि दक्षिण आफ्रिकेतले नाव घेऊन. इंग्लंडच्या जनतेत त्याच्याइतका लोकप्रिय सेनानी दुसरा नव्हता. सुदानात त्याने सगळा कारभार स्वतःच्या मुठीत ठेवून काम केले होते. इथे आल्यावर त्याने कामाचा सपाटा लावला. पलटणींना नवे अनुक्रमांक दिले. मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवले गेले, म्हणून तिसरी १०३ वी झाली, दहावी ११० वी आणि सतरावी ११७ वी. पुढे टायग्रिसकाठच्या कूत गावी वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणी याच. विखुरलेल्या छावण्यांच्या जागी नऊ डिव्हिजनांची रचना आली, त्यांतली सहावी पुण्याची. रशियाच्या वाटेवर, वायव्य सरहद्दीकडे तोंड करून ही सगळी मांडणी होती. ही कामगिरी मोठीच होती, आणि तिच्या मोठेपणामुळेच लष्करी खात्याविरुद्धची त्याची तक्रार लोकांना पटली.

१ जानेवारी १९०५ च्या टिपणात त्याने आपले म्हणणे मांडले: सैन्याला दोन धनी असल्यामुळे युद्धात घात होईल, कागद महिनोनमहिने फिरतात, जबाबदारी कुणा एकावर पडत नाही. म्हणून लष्करी खाते बंद करून सगळे काम सरसेनापतीकडे द्यावे. मिलिटरी मेंबर सर एडमंड एलिस याने त्याला उत्तर लिहिले. कर्झनचे म्हणणे थोडक्यात असे होते: व्हाइसरॉय मुलकी माणूस असतो. लष्करी बाबतीत त्याला सल्ला देणारा दुसरा जाणकार उरला नाही, तर सरसेनापतीचा प्रस्ताव तपासणार कोण? १० मार्च १९०५ ला कौन्सिल भरले. सगळे सभासद कर्झनच्या बाजूने आणि किचनेर एकटा. त्याने वाद घालायचेच नाकारले. आपण अल्पमतात आहोत एवढे सांगून तो गप्प बसला.

गप्प बसणे त्याला परवडत होते, कारण त्याची खरी लढाई लंडनमध्ये चालू होती. हिंदुस्थानात आल्यापासून तो लेडी सॅलिस्बरीला खासगी पत्रे लिहीत असे आणि ती पत्रे पंतप्रधान बाल्फोरपर्यंत जात. त्याचे विश्वासू अधिकारी लंडनच्या वर्तमानपत्रांतल्या लष्करी लेखकांना माहिती पुरवत. राजीनाम्याची धमकी त्याने १९०४ मध्येच देऊन पाहिली होती. बाल्फोरचे सरकार तेव्हा डळमळीत होते, आणि किचनेर रागावून परत येणे त्याला झेपणारे नव्हते. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातला सरसेनापती व्हाइसरॉयच्या पाठीमागे त्याच्याच वरिष्ठांशी संधान बांधतो, हे माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत गंभीर कृत्य. खाते असावे की नसावे यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो, पण या वागण्याचे समर्थन होत नाही.

भारतमंत्री, म्हणजे लंडनच्या मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा कारभार पाहणारा मंत्री, ब्रॉड्रिक हा कर्झनचा ऑक्सफर्डपासूनचा मित्र. मे १९०५ च्या अखेरीस त्याच्या सहीने निघालेल्या खलित्यात तडजोड म्हणून जे होते ते बहुतांशी किचनेरला हवे तेच होते. मिलिटरी मेंबरच्या जागी फक्त पुरवठ्याचा मेंबर राहील आणि लष्करी प्रश्नांवर सरकारला सल्ला देणे हे त्याचे काम नसेल. कर्झनने किचनेरशी बोलून काही सुधारणा मिळवल्या, आणि नव्या जागेवर जनरल एडमंड बॅरो याचे नाव सुचवले. मंत्रिमंडळाने ते नाकारले. त्यावर कर्झनने राजीनामा दिला.

इथल्या लोकांना कर्झनविषयी हळहळ वाटायचे कारण नव्हते. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसमध्ये अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली. तरी हेच गोखले १९०२ पासून मध्यवर्ती कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना वाढत्या लष्करी खर्चाचा हिशेब मागत होते. त्यांच्या हातात मताचा अधिकार नव्हता. सैन्याचा खर्च करदात्याच्या प्रतिनिधीला अडवता येत नव्हता, त्यामुळे सरकारच्या आत कोणी अडवतो का, एवढाच प्रश्न होता. ती आतली अडवणूकही आता जाणार होती.

याच काळात लंडनमध्ये वारे उलटे वाहत होते. बोअर युद्धातल्या गोंधळानंतर एशर समितीच्या शिफारशीवरून फेब्रुवारी १९०४ मध्ये ब्रिटनने स्वतःचे सरसेनापतीपद रद्द केले आणि कारभार अनेक सभासदांच्या आर्मी कौन्सिलकडे सोपवला. जे सरकार स्वदेशात सैन्याची सत्ता वाटून देत होते, त्याच सरकारने हिंदुस्थानात ती एका माणसाकडे दिली.

एकाच माणसाच्या दोन खुर्च्या

मार्च १९०६ मध्ये लष्करी खाते संपले. त्याच्या जागी आर्मी खाते आले, त्याचा प्रमुख सरसेनापती. सोबत पुरवठा खाते: करार, दारूगोळ्याचे कारखाने, घोडी-खेचरे, कपडे, बांधकामे आणि रॉयल इंडियन मरिन, म्हणजे सरकारी जहाजे व होड्या. नवे भारतमंत्री मोर्ले आणि नवे व्हाइसरॉय मिंटो यांनी हीच व्यवस्था चालू ठेवली. पुरवठा खात्याला फार काम उरले नाही. एप्रिल १९०९ मध्ये तेही बंद करून त्याची कामे आर्मी खात्यात घातली गेली. त्याच वर्षी किचनेर हिंदुस्थान सोडून गेला.

आता सरसेनापती म्हणून पाठवलेला प्रस्ताव आर्मी मेंबर म्हणून त्याच्याकडेच येणार. मुख्य लष्करी कचेरीचा कागद आर्मी खात्यात जाई, सचिव त्यावर लिही, पण सचिवाचा वरिष्ठ तोच ज्याने कागद धाडला. कागदाचा प्रवास कमी झाला असे म्हणता येत नाही, कारण खर्चाची मंजुरी अजून अर्थखात्याकडूनच घ्यायची होती. फरक एवढा पडला की कागदातल्या लष्करी मुद्द्याला प्रश्न विचारणारा जाणकार उरला नाही, आणि अर्थखात्याच्या नकाराला लष्करी बाजूने उत्तर देणारा स्वतंत्र आवाजही उरला नाही. ही दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. जुना मिलिटरी मेंबर सरसेनापतीला जसा अडवी, तसाच तो सैन्याच्या पोटापाण्याच्या बाजूने अर्थखात्याशी भांडतही असे, कारण रसद आणि वाहतूक हेच त्याचे रोजचे काम होते.

शांततेत हे खपून गेले. किचनेरसारखा दांडगा माणूस दोन्ही खुर्च्यांवरचे काम रेटत होता.

टायग्रिस

नोव्हेंबर १९१४ मध्ये पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड इराणच्या आखाताच्या टोकाला उतरली आणि २२ नोव्हेंबरला बसरा घेतले. मोहीम हिंदुस्थान सरकारच्या हाती होती. सरसेनापती सर ब्यूशँप डफ सिमल्यात. हा किचनेरच्या हाताखाली वाढलेला अधिकारी. फ्रान्स, इजिप्त, पूर्व आफ्रिका सगळीकडे फौजा पाठवायच्या, सरहद्द सांभाळायची, शिवाय आर्मी मेंबर म्हणून कौन्सिलात बसायचे.

एप्रिल १९१५ मध्ये जनरल निक्सन याने बसऱ्याच्या फौजेची सूत्रे हाती घेतली आणि मोहीम नदीच्या वर वर सरकू लागली. जूनमध्ये अमारा, सप्टेंबरअखेर कूत. प्रत्येक टप्प्यावर यश मिळत गेले आणि मागची वाट लांबत गेली. त्या मुलखात रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. बसऱ्याला धड धक्का नव्हता. जहाजे नदीच्या मधोमध नांगरून माल देशी होड्यांत उतरवावा लागे. बसऱ्याहून वर जाणारे पीठ, चारा, गोळे, औषधे, माणसे, आणि परत येणारे जखमी, सगळे नदीवाटे. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरले की त्यात फक्त उथळ तळाची आगबोट चाले. तेव्हा किती मैल पुढे जायचे हा प्रश्न प्रत्यक्षात किती आगबोटी आहेत याचाच होता. निक्सनने जुलै १९१५ मध्ये उथळ बोटींची मागणी केली. मागणी सिमल्याला गेली, तिथून लंडनला, मग कारखान्यांकडे. १९१६ उजाडले तरी त्या बोटी नदीवर नव्हत्या. बसऱ्याहून रेल्वे टाकण्याची सूचना खर्चाच्या कारणाने बाजूला ठेवली गेली. तरीही ऑक्टोबरमध्ये बगदादवर चाल करायला मंजुरी मिळाली, लंडनची आणि व्हाइसरॉय हार्डिंजची दोघांची.

२२ नोव्हेंबर १९१५ ला जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही डिव्हिजन टेसिफॉनला, सलमान पाकजवळ, त्या मुलखाचे धनी असलेल्या तुर्कांशी भिडली. साडेचार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना नदीपर्यंत न्यायला रुग्णवाहू गाड्या नव्हत्या. स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत, मोडलेल्या हाडांनिशी, त्यांना खडबडीत जमिनीवरून नेले. नदीवर पुरेशा इस्पितळ-बोटी नव्हत्या, म्हणून खेचरे आणि माल उतरवून रिकाम्या झालेल्या बोटींत ते भरले गेले. इंडियन मेडिकल सर्व्हिसचा मेजर कार्टर बसऱ्याला होता. मेजिदिये ही आगबोट येताना त्याने पाहिली. लांबून तिच्या कडेला दोर लोंबत असल्यासारखे वाटले. जवळ आल्यावर कळले की ती दाटीमुळे जागचे हलू न शकलेल्या जखमींची वाळलेली विष्ठा आहे. पट्ट्या कित्येक दिवस बदललेल्या नव्हत्या. कार्टरने अहवाल लिहिला, तेव्हा वरिष्ठांनी त्याला अटकेची धमकी दिली. धमकी देणाऱ्यांत त्याने जनरल काउपर याचे नाव घेतले.

याच काउपरकडे पुरवठ्याचे काम होते, आणि त्याने स्वतः बोटींसाठी कळकळीने तगादा लावला होता. सिमल्याहून सरसेनापती डफची तार आली: पुन्हा असल्या चिडखोर मागण्या आल्या तर काउपरला फौजेतून काढण्यात येईल आणि पुढे कसलीच नेमणूक मिळणार नाही. या तारेपाशी मी थांबतो, कारण सगळे प्रकरण इथे एकवटले आहे. बोटींची मागणी ज्याच्याकडे जायची तोच मागणाऱ्याच्या बढतीचा आणि हकालपट्टीचा धनी होता. १९०५ पूर्वी बोटी हा मिलिटरी मेंबरचा विषय होता. मागणी त्याच्या टेबलावर नोंदली गेली असती, सरसेनापतीच्या नापसंतीने ती मिटली नसती, आणि ती न पुरवल्याबद्दल कौन्सिलात त्याला उत्तर द्यावे लागले असते. ते दुसरे टेबल उरले नव्हते, म्हणून तक्रार करणारा माणूस हाच अपराधी ठरला. मग काउपरनेही कार्टरला, आपल्या हाताखालच्या तक्रारखोराला, तेच ऐकवले.

टाउनशेंड मागे हटून कूतला आला आणि ७ डिसेंबरला वेढा पडला. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सोडवायला आलेल्या फौजांचे सुमारे २३ हजार लोक कामी आले किंवा जखमी झाले, आणि त्याच वेळी हजारो ताजी माणसे बसऱ्याला बोटींअभावी पडून होती. जवळपास पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ ला, कूत शरण गेले. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. अनेकांना वाळवंटातून चालवत नेऊन रेल्वेच्या कामावर जुंपले. हजारो परत आले नाहीत. गावोगावी 'या गावातून इतके लोक लढाईस गेले, इतके मेले' अशा ज्या पाट्या ब्रिटिश सरकारने भिंतीत बसवल्या, त्यांतल्या आकड्यांत टायग्रिसकाठची ही माणसेही आहेत.

दोष कुणाचा

फेब्रुवारी १९१६ मध्येच लंडनच्या युद्धखात्याने मोहिमेची सूत्रे स्वतःकडे घेतली होती. ऑगस्टमध्ये चौकशी आयोग नेमला गेला, अध्यक्ष माजी भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन. जून १९१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. निक्सनवर सर्वांत मोठा ठपका, मग हार्डिंज आणि डफ, आणि लंडनमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन व युद्धसमिती. पद्धतीबद्दलही आयोग स्पष्ट बोलला: सरसेनापती आणि मिलिटरी मेंबर ही दोन्ही कामे युद्धकाळात एका माणसाला पेलणारी नाहीत. ज्या युक्तिवादावर १९०५ चा निर्णय उभा होता, तो युद्धाच्याच कसोटीला उतरला नाही.

तरी खाते राहिले असते तर कूत झाले नसते, असे मी म्हणणार नाही. त्या लंडनमधल्या नावांत आणखी एक नाव आहे: एडमंड बॅरो, कर्झनला पुरवठ्याच्या जागी हवा असलेला तोच अधिकारी. १९१४ मध्ये तो भारतमंत्र्याच्या कचेरीत लष्करी सचिव होता, आखातात फौज पाठवण्याची कल्पना त्यानेच टिपणात मांडली होती, आणि आयोगाने त्यालाही दोषी धरले. दुसऱ्या टेबलावरचा माणूस पहिल्याइतकाच चुकू शकतो. युद्धापूर्वी अनेक वर्षे सैन्यावरचा खर्च आवळला गेला होता, तो आवळण्यात हार्डिंजच्या सरकारचा हात होता, आणि तुर्कांना कमी लेखण्याची चूक तर सगळ्यांनीच केली. माझा मुद्दा तेवढाच, जेवढा त्या तारेतून दिसतो. चूक वेळेत कोणाच्या तरी कानावर जावी, यासाठी सांगणाऱ्याची नोकरी ऐकणाऱ्याच्या हातात नसावी लागते.

अहवालानंतर चेंबरलेनने राजीनामा दिला. माँटेग्यू भारतमंत्री झाला आणि २० ऑगस्ट १९१७ ला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा झाली. डफ १९१६ मध्येच परत बोलावला गेला होता. किचनेर जून १९१६ मध्ये समुद्रात बुडून मरण पावला होता. कर्झन अहवालाच्या वेळी ब्रिटनच्या युद्धमंत्रिमंडळात बसत होता.

जुने खाते मात्र कोणी परत उभे केले नाही. सरसेनापतीच आर्मी खात्याचा मेंबर राहिला. जानेवारी १९३८ मध्ये त्या खात्याला संरक्षण खाते म्हणू लागले. १९४२ मध्ये त्याचे दोन भाग झाले, तरी फौज चालवणारा भाग सरसेनापतीकडेच राहिला. सप्टेंबर १९४६ च्या हंगामी सरकारात बलदेव सिंग संरक्षण पाहू लागले, तेव्हा सरसेनापती मंत्रिमंडळाबाहेर गेला. ऑगस्ट १९४७ मध्ये संरक्षण मंत्रालय झाले आणि १९५५ मध्ये सरसेनापती हे पदनामच रद्द होऊन तिन्ही दलांचे प्रमुख आले. जानेवारी २०२० मध्ये या मंत्रालयात लष्करी व्यवहार विभाग नावाचे नवे खाते निघाले आणि त्याचे सचिवपद चीफ ऑफ डिफेन्स स्टाफकडे, म्हणजे गणवेशातल्या अधिकाऱ्याकडे, देण्यात आले. खरेदीचा मोठा भाग आणि अर्थसंकल्प वेगळ्या सचिवाकडे ठेवले गेले, आणि या पदाला तिन्ही दलप्रमुखांसह कोणावरही लष्करी कमान चालवण्याचा अधिकार नसेल, असे मंत्रिमंडळाच्या निर्णयातच लिहिले गेले.